‘बॉम्ब की चढाई’ हा पर्याय ऑगस्ट १९४५ मध्ये खरोखर समोर होता का?

प्रश्न असा आहे : हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकले नसते तर जपान शरण आला असता का, आणि जपानवरची चढाई टळून लाखो जीव वाचले हे समर्थन इतिहासाच्या अभ्यासकाने मान्य करावे का? प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला एका वादविवाद स्पर्धेत ‘बॉम्बचा वापर समर्थनीय होता’ ही बाजू मांडायची आहे आणि दोन्हीकडचे वाचून आपला गोंधळ वाढला असे तिने प्रांजळपणे लिहिले आहे. मी सुमारे तीस वर्षे आधुनिक जगाचा इतिहास शिकवतो आहे आणि हा विषय दरवर्षी वर्गात येतो, तेव्हा तिचा गोंधळ मला परका नाही. त्याचे मूळ बहुतेक वेळा प्रश्नाच्या मांडणीतच असते.

या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. जपान कशामुळे शरण आला हा कार्यकारणाचा प्रश्न आहे आणि तो दप्तरातल्या कागदांवरून, तारांवरून, बैठकांच्या टिपणांवरून सोडवायचा असतो. बॉम्ब टाकणे योग्य होते का हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो कागदांवरून सुटत नाही. वादात मात्र पहिल्याचे उत्तर बिनदिक्कत दुसऱ्याच्या पदरात टाकले जाते. बॉम्बमुळे युद्ध संपले असे दाखवता आले की तो योग्य ठरला आणि रशिया युद्धात उतरल्यामुळे संपले असे दाखवता आले की तो अयोग्य ठरला, हे दोन्ही पक्ष न बोलता गृहीत धरून चालतात. परिणामकारक असलेले कृत्य निंद्य असू शकते आणि ज्याचा परिणाम संशयास्पद आहे असे कृत्यही त्या वेळच्या माहितीवर क्षम्य असू शकते, ही साधी गोष्ट या गदारोळात हरवते.

आधी ‘बॉम्ब की चढाई’ या पर्यायाकडे पाहू, कारण सगळे समर्थन त्यावर उभे आहे. लोकांच्या मनातले चित्र असे असते की राष्ट्राध्यक्ष ट्रूमन टेबलापाशी बसले आहेत, त्यांच्यासमोर एका बाजूला बॉम्बचा आणि दुसऱ्या बाजूला चढाईचा आराखडा आहे, आणि जड अंतःकरणाने ते पहिल्यावर सही करतात. अशी बैठक झाल्याचा पुरावा नाही. बॉम्ब टाकण्याचा जो लेखी हुकूम उपलब्ध आहे तो २५ जुलै १९४५ चा असून त्यावर ट्रूमन यांची सही नाही. कार्यवाहक लष्करप्रमुख म्हणून काम पाहणाऱ्या जनरल थॉमस हँडी यांनी तो जनरल कार्ल स्पाट्झ यांना दिला आणि त्याचा मसुदा बॉम्बप्रकल्पाचे प्रमुख लेस्ली ग्रोव्हज यांच्याकडून आला होता. ३ ऑगस्टच्या सुमारानंतर हवामान डोळ्यांनी लक्ष्य दिसण्याजोगे असेल तेव्हा पहिला ‘विशेष बॉम्ब’ हिरोशिमा, कोकुरा, निइगाता आणि नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकावा, आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असा त्याचा आशय आहे. ‘तयार होतील तसतसे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. नागासाकीचा सगळा प्रश्न त्यांत आहे.

ट्रूमन यांच्या हस्ताक्षरातला एक कागद मात्र आहे आणि तो हमखास ‘बॉम्बचा हुकूम’ म्हणून दाखवला जातो. ३१ जुलैला, दोस्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये असताना, त्यांनी पेन्सिलीने लिहिले की सूचना मंजूर आहेत, तयार होताच प्रसिद्ध करा, मात्र २ ऑगस्टच्या आधी नको. ही मंजुरी बॉम्बनंतर वृत्तपत्रांना द्यायच्या निवेदनाला होती. ट्रूमन यांची संमती होती याबद्दल शंका नाही, परंतु ती चालू गाडी न थांबवण्याच्या स्वरूपाची होती. सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्चून उभे केलेले शस्त्र तयार झाल्यावर वापरायचे, हे सर्वांनी इतके धरूनच ठेवले होते की ‘वापरावे का’ यापेक्षा ‘कोठे आणि कसे’ याचीच चर्चा अधिक झाली. काही शास्त्रज्ञांनी जूनमध्ये निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवण्याचा पर्याय सुचवला. ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन यांच्या मंडळाने १६ जूनला कळवले की युद्ध संपवील असे कोणतेही प्रात्यक्षिक आम्हाला सुचवता येत नाही, आणि तो विषय तेथेच मिटला. चढाईची तयारी तर बॉम्बला पर्याय म्हणून नव्हे, त्याच्या जोडीनेच चालू होती. क्युशू बेटावर उतरण्याची तारीख १ नोव्हेंबर १९४५ ठरली होती, म्हणजे हिरोशिमानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी. ६ ऑगस्टच्या सकाळी बॉम्ब पडला नसता तर ७ ऑगस्टला कोणीही किनाऱ्यावर उतरणार नव्हते.

‘लाखो जीव वाचले’ या आकड्याची वाढ कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. १८ जून १९४५ रोजी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत क्युशूच्या पहिल्या तीस दिवसांची हानी फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाच्या मोहिमेपेक्षा अधिक नसावी असे सांगण्यात आले आणि लुझॉनचा आकडा, मृत व जखमी धरून, ३१,००० होता. १९४७ मध्ये माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी एका नियतकालिकात लेख लिहून केवळ अमेरिकी सैन्याची हानी दहा लाखांवर गेली असती असे म्हटले. १९५५ पर्यंत ट्रूमन यांच्या आठवणींत पाच लाख अमेरिकी प्राण असा आकडा आला. मृत आणि जखमी यांची बेरीज व केवळ मृतांची संख्या यांत फरक असतो, हे या प्रवासात कोणी फारसे ध्यानात ठेवले नाही. अर्थात उलट बाजूनेही प्रामाणिक राहिले पाहिजे. ओकिनावाच्या लढाईत १२,००० हून अधिक अमेरिकी मेले, तेथील सामान्य रहिवाशांचे मृत्यू लाखाच्या घरात गेले, आणि क्युशूवर जपानने आणलेले सैन्य जूनमध्ये गृहीत धरलेल्या सुमारे साडेतीन लाखांवरून ऑगस्टपर्यंत सहा लाखांच्या आसपास पोहोचल्याचे गुप्तवार्तेवरून दिसत होते. चढाई झाली असती तर ती भयंकर ठरली असती. माझा आक्षेप चढाईच्या वर्णनावर नाही, ‘दोनच वाटा होत्या’ या गृहीतावर आहे.

तिसरी वाट सम्राटाची होती. जपानला शरण येण्याचे आवाहन करणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्याचा मसुदा स्टिमसन यांनी तयार केला होता; त्यात, भावी जपानी शासन हे सध्याच्या राजघराण्याखालील घटनात्मक राजेशाहीही असू शकेल, असे वाक्य होते. टोकियोत राजदूत म्हणून राहून आलेले जोसेफ ग्रू यांचाही असाच आग्रह होता. २६ जुलैला जाहीरनामा निघाला तेव्हा ते वाक्य त्यात नव्हते. गंमत म्हणावी की शोकांतिका, शरणागतीनंतर सम्राट राहिलाच. आपल्याकडच्या वर्गात या ठिकाणी ‘मोकुसात्सु’ या शब्दाची गोष्ट हमखास निघते : पंतप्रधान सुझुकींनी २८ जुलैला वापरलेल्या त्या शब्दाचा अर्थ ‘तूर्त भाष्य नाही’ असा होता, भाषांतरकाराने ‘तुच्छतेने दुर्लक्ष’ असा केला आणि म्हणून बॉम्ब पडला. कथा सुरस आहे, पण तिच्यावर भार टाकू नये. हँडी यांचा हुकूम २५ तारखेचा, जाहीरनामा २६ चा आणि सुझुकींचे उद्गार २८ चे. शिवाय त्या दिवशी जपानी मंत्रिमंडळाकडे देण्यासारखा होकार नव्हताच.

नव्हताच, हे मी जाणून लिहितो, कारण बॉम्बच्या विरोधकांची एक आवडती मांडणी अशी की जपान शरण यायला तयारच होता. जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री तोगो हे मॉस्कोतील राजदूत सातो यांना तारा पाठवून रशियाच्या मध्यस्थीची खटपट करत होते आणि अमेरिका त्या तारा वाचत होती, हे खरे. पण त्या तारा पूर्ण वाचाव्यात. सातो यांनी आपल्याच मंत्र्याला जवळजवळ खडसावून लिहिले की अटी काय आहेत ते स्पष्ट सांगा, नाहीतर राजघराणे राखून शरणागती पत्करा. त्यावर २१ जुलैला तोगो यांचे उत्तर आले की बिनशर्त शरणागती कोणत्याही परिस्थितीत मान्य करता येणार नाही. युद्ध संपवण्याची इच्छा आणि शरण येण्याची तयारी यांत अंतर असते, आणि टोकियोत ते अंतर कापायला कोणी धजत नव्हते.

ते कापले गेले ९ ऑगस्टला, म्हणून तो दिवस तासातासाने पाहिला पाहिजे. हिरोशिमाच्या बातमीनंतर ८ तारखेला तोगो सम्राटाला भेटले आणि तोगोंच्या म्हणण्यानुसार, असे शस्त्र निघाल्यावर युद्ध लवकर संपवले पाहिजे असे सम्राटाने सांगितले. त्याच संध्याकाळी मॉस्कोत सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव यांनी सातो यांना बोलावले. सातो मध्यस्थीचे उत्तर मिळेल म्हणून गेले आणि हातात युद्धघोषणा पडली. मध्यरात्रीनंतर सोव्हिएत फौजा जपानच्या ताब्यातल्या, ईशान्य चीनमधल्या मांचुरियात घुसल्या. सकाळी साडेदहाच्या सुमारास युद्धसंचालन करणाऱ्या सहा जणांची बैठक सुरू झाली. सुझुकी, तोगो आणि नौदलमंत्री योनाई यांचे म्हणणे असे होते की राजघराणे राखण्याच्या एका अटीवर जाहीरनामा स्वीकारावा. युद्धमंत्री अनामी आणि दोन्ही सेनाप्रमुख उमेझु व तोयोदा यांना चार अटी हव्या होत्या. निःशस्त्रीकरण आम्हीच करू, युद्धगुन्ह्यांचे खटले आम्हीच चालवू आणि परक्या फौजेचा ताबा नको, या आणखी तीन. चर्चा चालू असतानाच नागासाकीची बातमी आत आली. तीन विरुद्ध तीन ही विभागणी तशीच राहिली. रात्री राजवाड्याच्या तळघरातल्या आसऱ्यात पुन्हा बैठक झाली, पहाटे दोनच्या सुमारास सुझुकींनी प्रथा मोडून सम्राटालाच निर्णय विचारला आणि सम्राटाने तोगोंची बाजू घेतली.

आता सांगा, हे बॉम्बमुळे झाले की रशियामुळे? सुयोशी हासेगावा यांच्यासारखे अभ्यासक रशियाला अधिक वजन देतात आणि त्यांच्या युक्तिवादात जोर आहे : एका शहराचा नाश जपानला नवा नव्हता, मार्चमधल्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे आगीत मेली होती, ६० हून अधिक शहरे जळाली होती, पण मॉस्कोच्या मध्यस्थीची आशा ही एकच राजनैतिक दोरी उरली होती आणि ती ९ तारखेला तुटली. वर्गात मी या ठिकाणी दोन राजाज्ञा शेजारी शेजारी वाचायला देतो. १५ ऑगस्टला दुपारी रेडिओवरून जनतेला ऐकवलेल्या आज्ञेत शत्रूच्या ‘नव्या आणि अत्यंत क्रूर बॉम्ब’चा उल्लेख आहे आणि रशियाचे नाव नाही. १७ ऑगस्टला सैनिकांसाठी काढलेल्या आज्ञेत रशियाच्या युद्धप्रवेशाचा उल्लेख आहे आणि बॉम्बचे नाव नाही. विद्यार्थी लगेच विचारतात की खरे कारण कोणते. माझे उत्तर असे की दोन्ही कागद ज्याला जे पटेल ते सांगण्यासाठी लिहिले आहेत. जनतेला ‘आमच्या शौर्यात उणे नव्हते, शस्त्रच अमानुष निघाले’ हे ऐकवता आले, तर परदेशात पसरलेल्या, बॉम्बची झळ न पोहोचलेल्या फौजांना लढाईची आकडेमोडच बदलली असे सांगावे लागले. माझ्या मते रशियाने पळवाट बंद केली आणि बॉम्बने शरणागतीला तोंड दाखवायला जागा दिली. दोन्ही इतक्या लागोपाठ आले की एकाला बाजूला काढून दुसऱ्याचा हिशेब मांडणे हा चतुराईचा खेळ होतो. हे उत्तर वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळवून देणार नाही, याची मला कल्पना आहे.

नागासाकीबाबत मात्र माझे मत इतके सावध नाही. दुसरा बॉम्ब ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामान बिघडण्याचा अंदाज आला म्हणून तो ९ तारखेवर आला. हे प्रशांत महासागरातल्या तळावरच्या अधिकाऱ्यांनी ठरवले. वॉशिंग्टनहून नव्या हुकमाची गरज नव्हती, कारण ‘तयार होतील तसतसे’ हा हुकूम हातात होताच. विमान निघाले ते कोकुरासाठी. एका पंपातील बिघाडामुळे सुमारे ६०० गॅलन इंधन वापरता येत नव्हते. कोकुरावर ढग आणि धूर होता, विमानाने तीनदा घिरट्या घातल्या, लक्ष्य दिसले नाही, तेव्हा ते नागासाकीकडे वळले. तेथेही ढग होते. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, उराकामीच्या खोऱ्यावर फुटला. त्या खोऱ्यात जपानमधली जुनी कॅथलिक वस्ती होती आणि त्यांचे मोठे चर्च स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून अर्ध्या किलोमीटरवर होते. वर्ष संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मेली असे मानले जाते. हिरोशिमात नेमके काय झाले याची खातरजमा करायला भौतिकशास्त्रज्ञ निशिना ८ तारखेला तेथे पोहोचले होते. ज्या सरकारकडून उत्तराची अपेक्षा होती त्याला पहिल्या बॉम्बवर धड बैठक घ्यायलाही तीन दिवस पुरले नव्हते, आणि दुसरा बॉम्ब कोणत्याही नव्या विचाराशिवाय, हवामानाच्या तक्त्यावरून गेला. हिरोशिमाचे समर्थन करणाऱ्यांशी मी वाद घालू शकतो; नागासाकीचे समर्थन कोणत्या पायावर उभे करायचे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

न्यायाच्या प्रश्नावर जाताना ट्रूमन यांची २५ जुलैची रोजनिशी समोर ठेवावी. स्त्रिया व मुले नव्हे, लष्करी ठिकाणे आणि सैनिक हेच लक्ष्य असावे, असे आपण स्टिमसनना सांगितल्याचे तीत लिहिले आहे. ९ ऑगस्टच्या रेडिओ भाषणात त्यांनी हिरोशिमाला ‘लष्करी तळ’ म्हटले. तेथे लष्कराचे मोठे मुख्यालय होते, हे खरे. परंतु नेम धरला होता तो शहराच्या मधोमध असलेल्या, वरून इंग्रजी टी अक्षरासारख्या दिसणाऱ्या आइओई पुलावर, आणि बॉम्ब फुटला तो एका रुग्णालयाच्या माथ्यावर. जपानी नेत्यांवरील युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यातील भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ च्या आपल्या भिन्नमतपत्रात लिहिले की, पहिल्या महायुद्धात जर्मन सम्राटाने ज्या सरसकट संहाराची भाषा केली होती, तिच्या जवळ जाणारे या युद्धात काही असेल तर तो अणुबॉम्ब वापरण्याचा निर्णय. जपानच्या न्यायालयाचा निकाल त्याहून विलक्षण आहे. बॉम्बपीडितांनी जपान सरकारवर भरपाईचा दावा लावला होता. १० ऑगस्ट १९४५ रोजी स्वित्झर्लंडमार्फत बॉम्ब हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग आहे असा निषेध नोंदवणारे हेच सरकार आता न्यायालयात तो बेकायदा होता असे म्हणता येत नाही असे सांगत होते. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने बॉम्बफेक बेकायदा ठरवली आणि भरपाई नाकारली.

दुसऱ्या पारड्यातही काही घातले पाहिजे, नाहीतर हे उत्तर लबाडीचे होईल. बॉम्ब नाही म्हणजे रक्तपात नाही, असे नव्हते. नाकेबंदी चालू राहिली असती तर जपानात उपासमार झाली असती, आणि चीनपासून इंडोनेशियापर्यंत जपानी ताब्याखालच्या मुलखात माणसे रोज मरत होती. व्हिएतनामात १९४४–४५ च्या दुष्काळात लाखो गेले होते. पाश्चात्त्य वादांत या माणसांचा हिशेब क्वचितच धरला जातो. मलायावर सप्टेंबरात उतरण्याची तयारी चालू होती आणि त्या फौजेत भारतीय तुकड्या मोठ्या संख्येने होत्या. युद्ध ऑगस्टमध्ये संपल्याने ते सैनिक गोळीबाराविना किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे की युद्ध नोव्हेंबरपर्यंत चालले असते तर बरे झाले असते?

मराठा पलटणीची पहिली बटालियन १९४६ मध्ये युद्धानंतर जपानचा ताबा सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या फौजेतून तेथे गेली होती आणि त्या फौजेचे मुख्यालय हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरात होते. माझ्या लहानपणी आमच्या गावात त्या फौजेतून परतलेले एक वृद्ध शिपाई होते. आम्ही मुले त्यांना बॉम्बच्या गोष्टी सांगा म्हणून भंडावत असू. ते जपानी लोकांच्या स्वच्छतेबद्दल, थंडीबद्दल, रेल्वेबद्दल भरभरून सांगत. हिरोशिमाबद्दल विचारले की एवढेच म्हणत, ‘‘गाव कुठलं, नुसतं पटांगण. पूल तेवढे जागेवर.’’ आणि तंबाखूची पिशवी उघडत. बॉम्ब पडला नसता तर तुम्ही परत आला असता का, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. पुढे सुचला तेव्हा ते नव्हते.

स्पर्धेसाठी शेवटी एक कागद सुचवतो, कारण तो दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो. १० ऑगस्टला ग्रोव्हज यांनी लष्करप्रमुख मार्शल यांना कळवले की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतरच्या पहिल्या अनुकूल हवामानात टाकता येईल. त्या टिपणावर मार्शल यांनी हाताने लिहिले की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. त्याच दिवशी ट्रूमन यांनी मंत्रिमंडळाला सांगितले की आणखी एक लाख माणसे पुसून टाकण्याचा विचार आपल्याला असह्य होतो. म्हणजे बॉम्बच्या वापराबाबत राष्ट्राध्यक्षांचा हात स्पष्टपणे पुढे आलेला दिसतो तो तिसरा बॉम्ब अडवताना. साध्या आगबॉम्बांना मात्र अशी आडकाठी नव्हती. १४ ऑगस्टच्या रात्री, सम्राटाचे भाषण ध्वनिमुद्रित होत असताना, शेकडो विमाने निघालेली होती. कुमागाया हे शहर त्या रात्री जळाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ लागला तेव्हा तेथे अजून धूर होता.